हॉलिस टॅकेटचा उजवा बूट

हॉलिस टॅकेटची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्याने मला मागून ढकललं होतं. लेक मॅटीच्या काठावर नऊ घरं आहेत, त्यातल्या सातव्यात मी नुकतीच राहायला आले होते आणि टपालपेटीवर माझं नाव चिकटवत होते. पाठीत धप्पकन धक्का बसला. एक पाय पुढे टाकून मी कशीबशी सावरले. वळून बघते तर एक उंच, किडकिडीत माणूस खुशीत मान डोलावत उभा. "उजवा," तो म्हणाला. "उजवा पाय पुढे. छान. बूट त्या हिशेबाने लावू."

तीस वर्षं मी घरोघर टपाल वाटलंय, कुत्र्यांना पुरून उरलेय. त्या माणसाला मी असं काही सुनावलं की त्याची बायको ओपल लाटणं हातात घेऊनच बाहेर आली. "हॉलिस! परत कुणाला ढकललंस?" त्यातलं 'परत' ऐकून मी ओळखलं की इथे करमणुकीला तोटा पडणार नाही.

आमचं तळं मुळात वाळूची खाण. वाळू संपली, खड्ड्यात पाणी भरलं आणि फ्लोरिडात असतं तसं कुणीतरी काठावर प्लॉट पाडले. लांब, अरुंद, वारा न लागणारं पाणी. नऊ घरांत मिळून एक बोट आणि एक मगर. पाण्यावर सहा लाल चेंडू तरंगत बांधलेले आहेत. बोट मधून सरळ जाते आणि मागे दोरी धरून पाण्यावरून घसरत येणाऱ्याने डावीकडे उजवीकडे झोकत सहाही चेंडूंना बाहेरून वळसा घालायचा. पायाखाली एकच फळी, तिच्यावर दोन बूट एकामागे एक स्क्रूने बसवलेले. म्हणून तर ते ढकलणं. बेसावध माणसाचा जो पाय आपोआप पुढे पडतो, तो पुढच्या बुटात. हॉलिसने आमच्या पाद्रीबाबांनाही चर्चच्या पायरीवर ढकललं होतं. पाद्रीबाबांना पोहतासुद्धा येत नाही.

मऊ रबरी बूटही मिळतात. पण ते घालणाऱ्याशी हॉलिस हवापाण्यापलीकडे बोलत नसे. त्याचे बूट कडक, प्लास्टिकच्या कवचाचे, आत मोज्यासारखा जाड मऊ लायनर. जिल्ह्याच्या शाळांचे एसी दुरुस्त करण्यात त्याची नोकरी संपली, पण जीव होता तो या बुटांत. बुटाखालच्या धातूच्या पट्टीच्या भोकांत बूट एक घर पुढे घ्यायचा की मागे, टाच किंचित आत वळवायची की बाहेर, घोट्याचा भाग किती पुढे झुकवायचा, हे तो एकतीस वर्षं आमच्या सगळ्यांसाठी ठरवत आला. आणि त्याचा एक सिद्धांत होता. पडणाऱ्याची चूक कधीच नसते. तुम्ही नाकातोंडात पाणी जाऊन वर यायचात, तो काठाच्या लाकडी धक्क्यावरून ओरडायचा, "तू नाही पडलीस, डोरीन! बुटाने पाडलं तुला!" अशा माणसावर लोभ जडणार नाही तर काय होईल?

माझे लायनर त्याने ओपलच्या ओव्हनमध्ये तापवले. तापलेल्या लायनरमध्ये पाय घालायचे आणि ते थंड होईपर्यंत पाण्यावर उभं राहतो तसं गुडघ्यात वाकून राहायचं, म्हणजे ते त्याच बेताने पायाला बसतात. ओढ लागावी म्हणून त्याने फ्रिजच्या मुठीला टॉवेल बांधून माझ्या हातात दिला. मी ओढलं. फ्रिज उघडला. ओपलचा तीन थरांचा नारळी केक माझ्या मांडीवर आला. "हलू नकोस!" हॉलिस ओरडला. "अजून चार मिनिटं!" चार मिनिटं मी अंगावर केक घेऊन तशीच उभी राहिले, आणि सांगायला लाज वाटते, पण तसे बूट मला पुन्हा कधी मिळाले नाहीत.

गेल्या वर्षी हॉलिसचा डावा खुबा बदलला. तो तयार नव्हता. ओपलने हट्ट धरला, रडली, दोन दिवस स्वयंपाक बंद ठेवला, तेव्हा कुठे तो गेला. ऑपरेशन झकास झालं. दहा महिन्यांनी डॉक्टरांनी पाण्यावर जायची परवानगी दिली आणि जूनच्या एका सकाळी आम्ही सगळे धक्क्यावर टाळ्या वाजवायला जमलो. बोट माझ्या हातात. पहिला चेंडू, दुसरा, आणि तिसऱ्याला हॉलिस धाडकन आडवा.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तिसऱ्याला. तिसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच. ती जागा इतकी ठरलेली झाली की मगरसुद्धा तिथून उठून पलीकडे जाऊन झोपायला लागली.

मग बूट सुरू झाले. पुढचा बूट एक भोक मागे. मग अर्धं वळण आत. मग मागचा बूट पुढे. लायनर पुन्हा ओव्हनमध्ये, घरभर जळक्या रबराचा वास, त्याच ओव्हनमध्ये संध्याकाळी बिस्किटं, त्यांनाही तोच वास. प्रत्येक बदलाची नोंद वहीत, तारखेसकट. बुटांचं सगळं करून संपलं तेव्हा बोटीची पाळी आली. आणि बोटीनंतर माझी.

"तिसऱ्या चेंडूला तू बोट डावीकडे नेतेस," तो म्हणाला.

"हॉलिस, अठरा वर्षं बोट चालवतेय मी. कपातली कॉफी हलत नाही माझ्या बोटीत."

"मग कॉफी कमी भरत असशील."

त्या दिवशी मी त्याला तळ्याच्या मधोमध तरंगत सोडून कॉफी प्यायला घरी जाणार होते. रुबेनने अडवलं. रुबेन एस्कालेरा तिसऱ्या घरात राहतो. दातांचा डॉक्टर, तळ्याचा सेक्रेटरी आणि बोटीत मागे तोंड करून बसून चेंडू मोजणारा, अर्धवट वळशाला अर्धा चेंडू. आमच्यात शांत डोक्याचा तो एकटाच.

जुलैत आणखी एक प्रकरण उपटलं. हॉलिसला बाथरूमची फरशी कलती वाटायला लागली. आमच्याकडे जमीन अधूनमधून खरोखरच खचते. आमच्यापासून दोन मैलांवर एका माणसाची गाडी, गॅरेजसकट, सकाळी सकाळी जमिनीत गेली होती. त्यामुळे कुणी हसलं नाही. हॉलिसने फरशीवर लेव्हल ठेवली, सुताराची, बुडबुडावाली. बुडबुडा मधोमध. म्हणून त्याने दुसरी लेव्हल आणली. तिचाही मधोमध. मग जमीन तपासणारा माणूस बोलावला. त्याने दिवसभर खड्डे पाडले, ओपलची झेंडूची रांग उखडली आणि सांगितलं की घर ठणठणीत आहे. "याला काही कळत नाही," हॉलिस मला म्हणाला. "पहाटे अनवाणी उभं राहिलं की स्वच्छ कळतं. उजवी बाजू खचतेय."

ऑगस्टच्या एका सकाळी तिसऱ्या चेंडूवरून परत येऊन त्याने ओली फळी धक्क्यावर आपटली आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं, "सप्टेंबरातल्या लेबर डेच्या स्पर्धेपर्यंत सहा चेंडू झाले नाहीत, तर फळी भिंतीवर आणि घर विकायला. ओहायोला जायचं, मुलीकडे. तिथली जमीन तरी जागेवर असते."

हॉलिस शब्दाचा पक्का. एकदा रागाने कॉफी सोडली तर सात वर्षं प्यायला नाही. मी ओपलकडे बघितलं. हे घर तिने निवडलेलं, पेरूचं झाड तिने लावलेलं, धक्क्यावरचा बाक तिने रंगवलेला. ती बाक पुसायला लागली. पण तिचा चेहरा असा झाला की मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

संध्याकाळी ती उकडलेल्या शेंगांचं भांडं घेऊन माझ्याकडे आली. ओपल शेंगा आणते तेव्हा काहीतरी कबूल करायचं असतं.

"डोरीन, फरशी सरळ आहे," ती म्हणाली.

"ते त्या माणसाने सांगितलंच की."

"हॉलिस वाकडा आहे."

आणि मग तिने सांगितलं. ऑपरेशननंतर डावा पाय थोडासा लांब झाला होता. असं होऊ शकतं हे डॉक्टरांनी आधीच सांगितलेलं. व्यायाम शिकवणाऱ्या बाईने हळूच ओपलला दाखवलंही होतं. हॉलिस तेव्हा चालायच्या काठीची उंची चुकीची आहे म्हणून दुसऱ्या कुणाशी भांडत होता, त्याने ऐकलं नाही. ओपलने ठरवलं, सांगायचंच नाही. बाजारातून बुचाचा तक्ता आणला आणि त्याच्या प्रत्येक उजव्या जोड्यात आतल्या कापडाखाली एक तुकडा सरकवला. चर्चचे जोडे, बागेतले बूट, घरातल्या सपाता. धक्क्यावरच्या रबरी चपलेला खालून त्याच बुचाचा एक थर चिकटवला. जमिनीवर तो सरळ चालायला लागला. अनवाणी झाला की बाथरूम खचायचं.

"आणि पाण्यावरचे बूट?"

"त्यांना हात लावला तर तो मला सोडून देईल."

मी हसले. इतकी हसले की शेंगदाणा घशात अडकला. ओपल हसली नाही. "तुला काय होतंय हसायला? सांगितलं असतं तर उरलेला जन्म त्याने पाय मोजण्यात घालवला असता. आणि ऑपरेशनला ढकललं मीच. माझ्या हट्टापायी वाकडा झालो, असं त्याने एकदा जरी म्हटलं असतं..." तिने ॲप्रनने डोळे पुसले. "आता न सांगावं तर घर जातंय. तूच सांग त्याला."

"मी बोट चालवते, ओपल. बॉम्ब टाकत नाही."

पण डोकं चालवलं ते मीच, हे मान्य करते. म्हटलं, सांगायचं कशाला? उजव्या बुटाखाली तेवढाच थर घालून टाकू. सहा चेंडू होतील, घर राहील, कुणाला काही कळणार नाही. शुक्रवारी दुपारी हॉलिस तिसरी लेव्हल आणायला गेला तेव्हा आम्ही दोघी गॅरेजमध्ये शिरलो. ओपलने भाजी चिरायची प्लास्टिकची पाटी आणली, मी ती करवतीने बुटाच्या आकाराची कापली आणि बुटाखाली बसवली. चारही स्क्रूंच्या डोक्यांवरून पट्टीवर त्याने नेलपॉलिशची बारीक रेघ ओढलेली होती, स्क्रू ढिला झाला तर लगेच दिसावं म्हणून. आम्ही नवीन, लांब स्क्रू लावून रेघाही पुन्हा ओढल्या. इतकं हुशारीने काम केलं की स्वतःवरच खूश झालो.

शनिवारी सकाळी धक्क्यावर सगळे होते. हॉलिसने बुटात पाय घालण्याआधी नेहमीसारखा एकेक स्क्रू निरखला आणि थांबला.

"हा रंग माझा नाही."

ओपलने हात पाठीमागे घेतले.

"माझी रेघ लाल. ही कसली? गुलाबी!" त्याने खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला. पाटीचा तुकडा बाहेर आला. त्याने तो उजेडात धरला, बोटाने सुरीच्या खुणा चाचपल्या, नाकाशी नेला. "याला कांद्याचा वास येतोय! कुणीतरी माझ्या बुटाला हात लावलाय." मग तो हळूच रुबेनकडे वळला. "गुरुवारी गॅरेजची किल्ली तू नेली होतीस."

"पंपासाठी, साहेब."

"स्पर्धा परवा आहे. तुझा नंबर माझ्यामागे लागतो."

"साहेब, तुम्ही दोन चेंडू करताय. मी साडेपाच करतो. तुमच्या बुटाखाली कांद्याची पाटी घालून मला काय मिळणार?" इतक्या वर्षांत त्याचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता. "माझे बूट तुम्ही लावलेत. माझ्या मुलीचे तुम्ही लावलेत. आणि तुम्ही मला चोर म्हणताय?"

मी, पोस्टात तीस वर्षं नोकरी केलेली बाई, बोटीची दोरी सोडून पुन्हा बांधायला लागले. तेवढ्यात ओपल बाकावरून उठली.

"पाटी माझी आहे. कांदाही माझा. चप्पल काढ, हॉलिस."

"काय?"

"चप्पल काढ आणि उभा राहा."

तो अनवाणी उभा राहिला. ओपलने त्याच्या उजव्या चपलेचा तळ सगळ्यांना दाखवला आणि एका दमात सांगून टाकलं, व्यायामाच्या बाईपासून गुलाबी रंगापर्यंत. माझं नावही घेतलं, ते नसतं घेतलं तरी चाललं असतं. हॉलिस आधी पायांकडे बघत राहिला, मग घराकडे.

"म्हणजे बाथरूम सरळ आहे," तो म्हणाला.

"सरळ आहे."

"किती?"

"काय किती?"

"जाडी, ओपल! बुचाची जाडी किती?"

"मोजली नाही."

ऑपरेशन, वर्षभराचं खोटं, गुलाबी नेलपॉलिश, यातल्या कशानेही तो इतका हादरला नव्हता. "मोजली नाही? मग घातलं कशाच्या आधारावर?"

"तू चालताना मागून बघायचे. कंबर सरळ दिसेपर्यंत तासत गेले."

हॉलिसने घरातून तिन्ही लेव्हली मागवल्या. रुबेनने, अजून नाक फुगलेलं असताना, एक लेव्हल त्याच्या कमरेला आडवी धरली. बुडबुडा एका टोकाला पळाला. मग हॉलिसने तो पाटीचा तुकडा धक्क्यावर ठेवला आणि उजवा पाय त्यावर टेकवला. बुडबुडा सरकत सरकत आला आणि मधोमध थांबला. दुसरी लेव्हल. मधोमध. तिसरी लावायची गरज नव्हती, पण लावली. हॉलिसने जाडी मोजायचा कॅलिपर काढून पाटी मोजली. सात मिलिमीटर. चपलेखालचा बुचाचा थर मोजला. सात. त्याने कॅलिपर मिटला आणि खिशात टाकला.

"रुबेन," तो शेवटी म्हणाला, "मी गाढव आहे."

"हो साहेब," रुबेन म्हणाला.

मग त्याने पाटी पुन्हा बुटाखाली लावली आणि पाण्यात उतरला. पहिला, दुसरा, तिसरा! बोटीत रुबेन उभा राहून ओरडला. आणि चौथ्याला हॉलिस पडला.

धक्क्यावर परत आल्यावर आम्हाला वाटलं, आता सात मिलिमीटरवर भाषण होणार. त्याने पाय बुटांतच ठेवून फळी धक्क्याच्या लाकडावर नीट टेकवली, दोरी धरल्यासारखे हात पुढे केले, गुडघ्यात वाकला आणि ओपलकडे पाठ केली. एकतीस वर्षं या माणसाने सगळ्यांना उभं करून मागून बघितलं होतं. स्वतः कुणापुढे असा उभा राहिलेला मी कधी पाहिला नव्हता.

"बघ," तो म्हणाला.

ओपलने वेळ घेतला. चष्मा पुसला, दोन पावलं मागे गेली, मान एकीकडे केली, दुसरीकडे केली. "चालताना तू सरळ असतोस, इथे वाकतोस. इथे एवढं नको. केसभर कमी कर."

"केस म्हणजे किती मिलिमीटर?"

"केस म्हणजे केस."

त्याने पाटी काढली आणि मुकाट्याने घासायला बसला.

या वेळी मी बोट अशी नेली की श्वाससुद्धा सांभाळून घेतला. तीन झाले, चार झाले. पाचव्याला तो डगमगला, रुबेनने माझा दंड इतका आवळला की अजून वळ आहे. सहावा! हॉलिसने दोरी सोडली आणि पाण्यात बसला. मी बोट वळवून जवळ नेली, म्हटलं आता हा हात वर करून नाचेल. तो छातीपर्यंत पाण्यात, नुसता धक्क्याकडे बघत होता.

"डोरीन, मला वाटायचं तिचे गुडघे दुखतात."

"कुणाचे?"

"ओपलचे. वर्षभर कुठेही निघालो की ही मागे. चर्चला, दुकानात, टपालपेटीपर्यंत. मी ओरडायचो, पाय उचल गं, किती रेंगाळतेस. एकदाही वळून बघितलं नाही मी." त्याचा चेहरा पाण्याने ओला होता, त्यामुळे बाकीचं मी काही सांगू शकत नाही. "मुलीला कळव, म्हणावं आम्ही येत नाही."

"तूच कळव," मी म्हटलं. "मी आता पोस्टात नाही."

सोमवारच्या स्पर्धेत त्याने पुन्हा सहा केले आणि रुबेनने साडेपाच. रुबेनच्या बुटात काय बिघडलं ते हॉलिसने त्याला तासभर समजावून सांगितलं. घर जागेवर आहे. तिसरी लेव्हल दुकानदार परत घेत नाही.

फक्त एक नवीन त्रास सुरू झालाय. रोज संध्याकाळी दोघं टपालपेटीपर्यंत चालत येतात, माझ्या दारावरूनच. हॉलिसने मनाशी घेतलंय की आता ओपलला मागून बघायचं.

"तुझा डावा खांदा खाली आहे," तो सांगतो.

"पुढे हो मेल्या, मला तुझी कंबर बघायचीय."

"तू हो पुढे."

"तू हो."

दोघंही पुढे व्हायला तयार नसल्यामुळे साठ पावलांवरच्या पेटीपाशी पोचायला त्यांना हल्ली अर्धा तास लागतो.